लिंडाची भाषा, चाचीची भाषा

'काइट्स' हा चित्रपट २१ मे २०१० रोजी प्रदर्शित झाला. आमच्या पालमहून कुणी परभणीला किंवा नांदेडला जाऊन तो थिएटरात पाहिला असेल, तर मला माहीत नाही. गंगाखेड-लोहा रस्त्यावरचे आमचे हे तालुक्याचे गाव. मे महिन्यात इथे लग्ने असतात, पाण्याची वणवण असते आणि खरिपाच्या बियाण्याची काळजी असते. आमच्या घरात तो चित्रपट काही महिन्यांनी आला, चकतीच्या रूपात. मुलांनी तो हृतिक रोशनसाठी आणला होता. नाच बघायचा, मोटारींचा पाठलाग बघायचा, एवढाच बेत होता.

पंधरा-वीस मिनिटे झाली आणि मुलांची कुरकुर सुरू झाली. नायिका तोंड उघडायची ती स्पॅनिशमध्ये. पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरे भराभर येत आणि वाचून होण्याआधीच निघून जात. "क्या बोलरी वो? कुछ बी नै समझता," असे म्हणत मुले एकेक करून उठली. उरलो मी आणि एका कोपऱ्यात वाती वळत बसलेली चाची. मी चकती बंद करायला उठलो तर ती म्हणाली, "रहन दे ना. मेरेकू समझता." मला वाटले, ती थट्टा करते आहे. चाचीला इंग्रजीचे अक्षर येत नव्हते. स्पॅनिश नावाची भाषा जगात आहे हेही तिने त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकले असेल.

ती थट्टा नव्हती, हे कळायला मला बराच काळ लागला. त्यासाठी आधी चित्रपटाबद्दल बोलले पाहिजे.

'काइट्स'चे निर्माते राकेश रोशन, दिग्दर्शक अनुराग बसू आणि संगीतकार राजेश रोशन. नायिका बार्बरा मोरी. तिला आपल्याकडे सरसकट 'स्पॅनिश नटी' म्हटले गेले, पण ती स्पेनची नाही. जन्म १९७८ सालचा, दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशाच्या माँटेव्हिडिओ शहरातला. नाव झाले ते मेक्सिकोत. तिथल्या 'रुबी' या २००४ सालच्या दूरचित्रवाणी मालिकेने तिला स्पॅनिश बोलणाऱ्या घराघरांत पोचवले. पूर्वज शोधत गेले तर तिच्या घराण्यात जपानी रक्तही सापडते. स्पेन एका टोकाला आणि ही बाई दुसऱ्या टोकाला. दोहोंना जोडणारी गोष्ट एकच, भाषा. उर्दू बोलणारा प्रत्येक माणूस लखनौचा नसतो, तसेच हे आहे.

कथा थोडक्यात अशी. जय हा लास व्हेगासमध्ये राहणारा भारतीय तरुण. नाच शिकवतो आणि मिळेल त्या मार्गाने पैसे कमावतो. अमेरिकेत कागदपत्रांविना आलेल्या मुलींशी कागदोपत्री लग्न करून त्यांना तिथे राहण्याचा परवाना मिळवून द्यायचा, हाही त्याचा एक धंदा. अशा मुलींपैकीच एक लिंडा. जय एका कॅसिनो मालकाच्या मुलीशी, जीनाशी, लग्न ठरवतो. तेही प्रेमापोटी नव्हे, पैशापोटी. त्या घरात गेल्यावर त्याला दिसते की जीनाच्या भावाची, टोनीची होणारी बायको म्हणजे तीच लिंडा, आता नताशा नावाने. तिलाही पैसाच हवा आहे. दोघे एकमेकांना ओळखतात, एकमेकांची लबाडी ओळखतात आणि तिथूनच प्रेमात पडतात. मग पळापळ, पोलीस, बंदुका, मेक्सिकोचे उघडे माळ. शेवटी दोघांनाही समुद्र गिळतो.

चित्रपट वाजतगाजत आला. अमेरिकेत पहिल्याच आठवड्याअखेर तो तिथल्या पहिल्या दहा चित्रपटांत पोचला. इकडे मात्र पहिल्या दिवसांची गर्दी ओसरली आणि तो पडला. पडण्याचे जे कारण तेव्हा सर्वांत जास्त ऐकू आले ते हे, की प्रेक्षकांना नायिकेची भाषाच कळली नाही. हिंदी चित्रपटाची नायिका हिंदी बोलत नसेल तर माणसाने तिकीट कशाला काढायचे?

माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. 'काइट्स'मध्ये दोष पुष्कळ आहेत, ते मी पुढे सांगणारच आहे. पण त्यात जपून ठेवावे असे जर काही असेल, तर ते हेच की लिंडाला तिची भाषा टाकायला कुणी लावले नाही.

आपल्या चित्रपटसृष्टीत दुसऱ्या भाषेची बाई नवीन नाही. मूकपटाच्या काळातली सर्वांत मोठी नायिका सुलोचना. तिचे खरे नाव रूबी मायर्स, जन्म पुण्याचा, १९०७ सालचा, घराणे यहुदी. मूकपटात तिला कोणती भाषा येते हे विचारण्याचा प्रश्नच नव्हता. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' आला, पडदा बोलू लागला आणि एका दिवसात या बाईची गादी डळमळली. तिने वर्षभर काम थांबवले, हिंदुस्तानी शिकली आणि १९३२ साली आपल्याच 'माधुरी' या मूकपटाच्या बोलक्या आवृत्तीतून परत आली. त्याच सुमारास नादिया आली. मूळ नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. वाडियांच्या 'हंटरवाली'ने १९३५ साली तिला प्रसिद्ध केले. तिची हिंदी मोडकीतोडकी होती, पण तिचा चाबूक इतका चालायचा की लोक जिभेकडे बघत नसत.

पुढच्या काळात रीत पक्की झाली. परकी बाई पडद्यावर आली की तिने आपली भाषा शिकायची. 'लगान'मधली (२००१) एलिझाबेथ गावकऱ्यांना क्रिकेट शिकवता शिकवता हिंदी शिकते. ती आपल्याला आवडते याचे अर्धे कारण तिची धडपडती हिंदी आहे. 'रंग दे बसंती'मध्ये (२००६) लंडनहून आलेली स्यू हिंदी बोलते आणि मुले चाट पडतात. या भूमिका करणाऱ्या रेचल शेली आणि अ‍ॅलिस पॅटन या दोघी इंग्लंडच्या. त्यांनी घेतलेल्या मेहनतीला मी नावे ठेवत नाही. दुसऱ्याची भाषा शिकणे हे चांगलेच आहे. प्रश्न एवढाच आहे की शिकायचे कुणी, हे आधीच ठरलेले का असते? बाई आपल्या भाषेत किती लवकर आली यावरून तिच्या प्रेमाची परीक्षा का होते?

इथे 'एक दूजे के लिए'ची आठवण येणे साहजिक आहे. के. बालचंदर यांचा हा १९८१ सालचा चित्रपट. आमच्या पिढीतल्या किती जणांनी तो किती वेळा पाहिला असेल याचा हिशेब नाही. वासू तमिळ, सपना हिंदी भाषक, ठिकाण गोवा. घरचे अट घालतात, वर्षभर एकमेकांना भेटायचे नाही, पत्र नाही. त्या वर्षात वासू हिंदी शिकतो. त्याच्याही आधी, लिफ्टमध्ये अडकलेला वासू हिंदी चित्रपटांची नावे गुंफून केलेले गाणे गातो, कारण त्याच्याजवळ तेवढेच हिंदी आहे. हे गाणे गाणारे एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या उच्चारांत दक्षिण दिसत होती, आणि तीच त्या चित्रपटाची गोडी ठरली. त्यांना त्या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याही कथेचा शेवट समुद्रात होतो. भाषा ओलांडून प्रेम करणाऱ्यांना आपला चित्रपट शेवटी समुद्रातच का लोटतो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण फरक बघण्यासारखा आहे. 'एक दूजे के लिए'मध्ये शिकणारा पुरुष असला तरी शिकायची भाषा मोठी, म्हणजे हिंदी आहे. लहान भाषेच्या माणसाने मोठ्या भाषेत यायचे, ही दिशा बदलत नाही.

'काइट्स'मध्ये ही दिशा मोडते. लिंडाची इंग्रजी तुटपुंजी आहे, जयला स्पॅनिश येत नाही. हिंदी तर दोघांच्या मध्ये कुठेच उपयोगाची नाही. हिंदी चित्रपटाचा नायक आपल्या प्रेयसीशी हिंदीत बोलला तर ते वाया जाणार, हे दिग्दर्शकाने मान्य केले आहे. मग उरते काय? हातवारे, चेहरा, तुटके शब्द, एकाने बोलत राहायचे आणि दुसऱ्याने ऐकत राहायचे.

यातला एक धागा आपल्यासारख्या वाचकांना जास्त जवळचा वाटेल. जय आणि लिंडा यांचे लग्न आधी झालेले आहे. कागदावर सही आहे, सरकारी शिक्का आहे, पण त्या लग्नात दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला काही विचारलेले नाही. आपल्याकडे निकाह हा करार आहे. वकील आणि दोन साक्षीदार मुलीकडे जातात, तिची रजामंदी विचारतात, तिने होकार दिला तरच पुढचे सगळे. तिला काय विचारले जात आहे हे तिला कळले पाहिजे, हे त्या रिवाजाचे मूळ आहे. प्रत्यक्षात किती ठिकाणी मान खाली घातलेल्या मुलीच्या हुंदक्यालाच होकार समजून मंडळी बाहेर येतात, ते आपण सगळे जाणतो. लिंडाच्या बाबतीत कागद आहे आणि समजूत नाही. पुढे समजूत येते तेव्हा कागदाची किंमत राहत नाही. पटकथेने हा विरोध आणखी खोलात नेला असता तर चित्रपट वेगळ्या उंचीवर गेला असता. पण तिला पाठलागाची घाई आहे.

बार्बरा मोरीच्या कामाकडे वळू. तिच्याबद्दल लिहिताना बहुतेकांनी तिच्या रूपावरच लिहिले. रूप आहेच. पण मला जाणवला तो तिचा आवाज. हिंदी पडद्यावर बाहेरून आलेल्या नायिकांच्या ओठांवर दुसऱ्याच बाईचा आवाज चिकटवण्याची पद्धत जुनी आहे. त्या आवाजात श्वास नसतो, अडखळणे नसते. इथे मात्र बाईचा स्वतःचा आवाज आहे, तिच्या स्वतःच्या भाषेत. त्यामुळे ती रागावते तेव्हा खरेच रागावलेली वाटते. स्वतःच्या भाषेतला राग वेगळा असतो, त्याला शब्द शोधावे लागत नाहीत. टोनीसमोर असताना ती तोलून-मापून वागते, हसतानाही ओठ आखडलेले असतात. जयबरोबर असताना ती भरभर बोलते. समोरच्याला यातले काही कळत नाही हे तिला ठाऊक आहे, तरी बोलते. नटी म्हणून तिने केलेला हा फरक बारीक आहे आणि तो संवादाच्या अर्थावर अवलंबून नाही. अर्थ न कळता तो पोचतो. म्हणूनच तो चाचीपर्यंत पोचला.

आता दोष. पहिला दोष असा की दिग्दर्शकाने तिला भाषा दिली, पण त्या भाषेत सांगण्यासारखी कहाणी पुरेशी दिली नाही. ती गरिबीतून आली आहे, घरच्यांसाठी तिला पैसा हवा आहे, हे आपल्याला सांगितले जाते. पण ती गरिबी दिसत नाही. कागदाविना सीमा ओलांडणारी बाई कशाला घाबरते, कुणाला पत्र लिहिते, रात्री कुणाची आठवण काढते, यातले फारसे काही नाही. दुसरा दोष, मेक्सिको हा देश पळून जाण्याची जागा एवढाच उरतो: धूळ, ऊन, रस्ता. तिसरा, जीना. कंगना रनौतला मिळालेली ही भूमिका म्हणजे फसवल्या गेलेल्या बाईची आहे, आणि पटकथा तिला विसरूनच जाते. एका बाईचे ऐकायचे म्हणून दुसरीला गप्प करायचे, हा न्याय झाला नाही. चौथा दोष हिंसेचा. बंदुकांचा आवाज इतका आहे की ज्या शांततेत या दोघांनी एकमेकांना समजून घ्यायचे ती शांतताच चित्रपटाला मिळत नाही.

आणखी एक गंमत. भारतातल्या प्रदर्शनानंतर आठवड्याभरात, २८ मे २०१० रोजी, याच चित्रपटाची दुसरी आवृत्ती आली. हॉलिवूडचा दिग्दर्शक ब्रेट रॅटनर याने ती परदेशी प्रेक्षकांसाठी कापून सुमारे दीड तासाची केली. या काटछाटीत कात्री लागली ती आपल्याकडच्या गाण्या-बजावण्याला. म्हणजे लिंडाची भाषा आपल्याला जड झाली आणि आपली रीत त्यांना जड झाली. प्रत्येक बाजाराला दुसऱ्याचे तेवढे जास्त वाटते.

खऱ्या अर्थाने स्पेनची असलेली नटी एका वर्षाने आपल्या पडद्यावर आली. १५ जुलै २०११ रोजी झोया अख्तर यांचा 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' प्रदर्शित झाला. त्यातली नूरिया ही आरियादना काब्रोल या स्पॅनिश अभिनेत्रीने केली आहे. भूमिका छोटी आहे. ज्याच्याशी तिची जोडी जमते तो इम्रान कुरेशी. हा इम्रान मला आवडतो, आणि का आवडतो ते सांगितले पाहिजे. तो मुसलमान आहे, पण चित्रपटात त्याचे कुणाला स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. तो टोपी घालून देशभक्ती सिद्ध करत नाही, कव्वाली गात नाही, शेवटी मित्रासाठी गोळी झेलत नाही. तो जाहिरातींचे मजकूर लिहितो, शायरी करतो, विनोद करतो आणि आपल्या हरवलेल्या बापाला शोधतो. आपल्या माणसाला पडद्यावर असे साधे राहू देणारे चित्रपट फार नाहीत. त्याच्या तोंडच्या कविता जावेद अख्तर यांच्या आहेत.

पण नूरियाचे काय? इम्रानची कविता तिच्यापर्यंत कधी पोचते का? ती प्रवासात भेटलेली एक प्रसन्न मुलगी आहे, बस. स्पेनमधले समुद्र, टोमॅटो आणि बैल जसे आले तशी तीही आली. तिला हिंदी शिकायला कुणी लावत नाही हे खरे, पण तिचे ऐकण्याची गरजही कुणाला वाटत नाही. त्या चित्रपटात स्पॅनिश भाषेला खरा मान मिळतो तो एका गाण्यात. 'सेन्योरिटा' या गाण्यात तिघा नायकांच्या आवाजांबरोबर मारिया देल मार फर्नांडेझ ही स्पॅनिश गायिका आपल्या भाषेत, आपल्या गळ्याने गाते. तिथे दोन भाषा शेजारी शेजारी उभ्या राहतात. नूरिया आणि इम्रान यांच्यात तसे होत नाही. म्हणून स्पेनची खरी नटी असूनही माझ्या दृष्टीने लिंडाची भूमिका मोठी ठरते.

स्पॅनिश ही भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही, हेही इथे सांगावेसे वाटते. इ. स. ७११ पासून १४९२ पर्यंत, कमी-जास्त प्रदेशावर, स्पेनमध्ये मुसलमानांची सत्ता होती. इक्बाल १९३३ साली तिकडे गेले आणि कुर्तुब्याच्या मशिदीवर त्यांनी लिहिलेली नज्म उर्दू वाचणाऱ्याला सांगावी लागत नाही. 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'मधले मित्र ज्या सेव्हिल शहरात जातात, तिथल्या चर्चचा मनोरा मूळचा मशिदीचा मिनार आहे. राज्य गेले, शब्द राहिले. स्पॅनिशमध्ये साखरेला 'आसुकार' म्हणतात; अरबीत 'सुक्कर', फारसीत 'शकर', आपल्याकडे साखर, आणि सगळ्यांचे मूळ संस्कृतातल्या 'शर्करे'त. संत्र्याला 'नारांखा' म्हणतात. आपली नारिंगी त्याच गोतातली. कापसाला 'आल्गोदोन' म्हणतात, म्हणजे अरबी 'अल्-कुत्न'. 'असे होवो' या अर्थी तिथला ख्रिस्ती माणूस 'ओखाला' म्हणतो, आणि त्या शब्दाच्या पोटात 'अल्लाह'चे नाव आहे. बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. भाषा कुणा एका धर्माची वा देशाची मिळकत नसते, याचा याहून सोपा पुरावा कोणता?

हे मी आपल्यालाच सांगतो आहे, कारण हा प्रश्न आपल्या दारातला आहे. मराठवाड्यातला मुसलमान चार भाषांत जगतो. घरात दखनी, बाजारात आणि शाळेत मराठी, मदरशात उर्दू, आणि नमाजेत अरबी, जी बहुतेकांना पाठ आहे पण कळत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कामकाज उर्दूत चाले. आमच्या घरातल्या ट्रंकेत आजोबांच्या जमिनीचे कागद उर्दूत आहेत. वडिलांनी अर्धे आयुष्य मराठीत काढले. मी लिहितो ते मराठीत. तरीही एखाद्या कार्यक्रमात कुणी भला माणूस जवळ येऊन म्हणतोच, "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" तो कौतुक करत असतो आणि मला आतून ओशाळल्यासारखे होते. शेख महंमदांनी श्रीगोंद्यात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला त्याला चारशे वर्षे होत आली. तरी आमची मराठी अजून परीक्षेलाच बसलेली आहे. सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे हीच वेदना होती. आम्ही या भाषेचे पाहुणे नाही, हे सांगण्याची.

बाहेर आपल्यावर होणारा हा अन्याय आपण बोलून दाखवतो. पण घरात?

आता चाचीकडे येतो. आम्ही पिंजारी. आंध्रात आमच्या जमातीला दूदेकुल म्हणतात, आणि त्यांच्यातली कित्येक घरे घरातही तेलुगूच बोलतात. माझे चाचा तरुणपणी जिनिंगच्या कामाला कर्नूल जिल्ह्यातल्या अडोनीला गेले. अडोनी ही कापसाची मोठी पेठ. तिथे ते काही वर्षे राहिले, तिथेच त्यांचे लग्न झाले आणि ते बायकोला घेऊन पालमला परतले. ती आली तेव्हा तिला दखनी जेमतेम यायची, मराठी अजिबात नाही. तिच्या चुकांवर घर हसायचे. ती 'पानी आई' म्हणायची, 'रोटी पका' म्हणायची. आम्ही मुले तिची नक्कल करायचो आणि मोठी माणसे आम्हाला दटावत नसत. दोन-तीन वर्षांत ती आमच्यासारखी बोलू लागली. बाजारात मराठीत भाव करू लागली. सगळे म्हणायचे, बहू कितनी अच्छी है, अपने में मिल गई.

चाचांना तेलुगू उत्तम यायचे. अडोनीत त्यांनी त्याच भाषेत मजुरी केली होती, त्याच भाषेत बायकोशी बोलले होते. पालमला आल्यावर मात्र घरातल्या मोठ्यांसमोर ते बोलायची त्यांना लाज वाटली. नंतर ती सवयच होऊन बसली. माझ्या आठवणीत त्यांनी चाचीशी तेलुगूत उच्चारलेले एकही वाक्य नाही.

त्या संध्याकाळी मी चाचीला विचारले, "तुमकू क्या समझा?" वात वळता वळता तिने पडद्याकडे मान केली. लिंडा काहीतरी सांगत होती, जय तिच्या तोंडाकडे बघत होता. चाची म्हणाली, "समझता तो उसकू बी नै. पर सुनरा है ना."

चित्रपट समीक्षेत मी यापेक्षा नेमके वाक्य वाचलेले नाही. 'काइट्स'बद्दल चांगले म्हणावे असे जे आहे, ते या एका वाक्यात आले. प्रेक्षकांना भाषा कळली नाही म्हणून चित्रपट पडला असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेच नाही की तो न कळणे हाच चित्रपटाचा विषय होता. न कळताही माणूस समोरच्याचे ऐकत बसू शकतो का, हे तो चित्रपट आपल्याला विचारत होता. आमच्या घरातली मुले उठून गेली. देशभरातल्या थिएटरांतूनही लोक उठून गेले. राहिली ती एक बाई, जिच्या आयुष्यात तिचे ऐकायला कुणी बसले नव्हते.

मी लिंडाची भूमिका थोर आहे असे म्हणणार नाही. बार्बरा मोरीने त्यानंतर हिंदी चित्रपटात पाय रोवला नाही, आणि निर्मात्यांनीही पुन्हा असा प्रयोग करण्याची हिंमत फारशी दाखवली नाही. नायिका परकी असो वा आपली, तिच्या ओठांवर बाजाराला कळेल तीच भाषा ठेवायची, हा नियम अजून चालूच आहे. पण एकदा का होईना, एका मोठ्या खर्चाच्या हिंदी चित्रपटात नायिकेने पहिल्यापासून शेवटपर्यंत आपली भाषा जपली आणि नायकाने ती तिच्याकडून मागून घेतली नाही. एवढ्यासाठी तो पुन्हा पाहावा.

हा लेख लिहिण्यासाठी मी तो अलीकडे पुन्हा पाहिला. चाची आता नाही, चाचाही नाहीत. तिच्या मुलीला, माझ्या चुलतबहिणीला, मी विचारले की अम्मीचे तेलुगू तुला किती येते. ती थोडा वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, अम्मी तव्यावरच्या भाकरी मोजायची तेवढे येते. आणि तिने बोटांवर मोजून दाखवले: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. पाचावर ती अडली.

आपल्या घरांतून आजही बिदरची, निजामाबादची, गुलबर्ग्याची, विदर्भातली मुलगी सून होऊन येते. तिच्या उच्चारावर हसण्याआधी तिला तिच्या बोलीतला एखादा शब्द विचारून पाहावा. आपल्या मराठीची परीक्षा घेणाऱ्यांवर आपण रागावतो, तेव्हा आपल्या घरात कुणाची परीक्षा चालू आहे, हेही बघायला हवे.